डाळ, बाळ, माळ: पहिला आवाज बदलायचा खेळ

माझी भाची साडेचार वर्षांची आहे, घरी गेलं की मोठ्या बाईसारखी विचारते, "मावशी, चहाबिहा घेतलास का?" आता हे चहाचं बिहा तिला कोणी शिकवलेलं नाही, पहिलं अक्षर काढून तिथे ‘बि’ ठेवायचं हे आपली मुलं ऐकूनच उचलतात, पुस्तकबिस्तक, खेळबिळ वगैरे. पण तिलाच म्हटलं, ‘डाळ’मधला ड काढून ब लाव, तर ती अडकली.

याचं कारण खूप इंटरेस्टिंग आहे. ‘डा’ दिसायला एक अक्षर, पण आवाज दोन, ड् आणि आ, आणि बोलताना ते एकमेकांना इतके चिकटलेले असतात की लहान मुलाला तो एकच तुकडा वाटतो. १९७४ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ इसाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना शब्दातल्या तुकड्यांइतक्या वेळा टेबलावर काठी ठोकायला सांगितली. चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना ‘डा’सारखे मोठे तुकडे मोजता आले, सुटे आवाज मात्र एकालाही नाही! सहा वर्षांच्या मुलांत ७० टक्क्यांना ते जमलं. म्हणून मूल अडकलं तर रागावू नका प्लीज, त्याला खरंच अजून ते वेगळं ऐकू येत नसतं.

पहिला आवाज बदलायच्या खेळाची सुरुवात लांबवता येतील अशा आवाजांनी करा, स, म, न, ल. ‘स्स्स्साप’ म्हणा, मग ‘म्म्म्माप’, आणि विचारा काय बदललं. ड, ब, त असे ताणता येत नाहीत, तोंडातून फट्कन सुटतात, त्यामुळे ते नंतर. आधी फक्त कानाने, पाटी-पेन्सिल नको, आणि एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरे, भाजी निवडताना सुद्धा होतं.

अक्षरं यायला लागली की मग लिहून दाखवा: डाळ, बाळ, माळ, जाळ, टाळ. बाराखडीत क तोच राहतो आणि मात्रा बदलत जाते, इथे उलटं, काना आणि ळ जागेवर आणि पहिलं अक्षर बदलतं, म्हणजे जे कानाला कळत नव्हतं ते डोळ्यांना दिसतं. मला ही देवनागरीची मोठी सोय वाटते आणि आपण ती फारशी वापरत नाही.

अर्थ नसलेले शब्द झाले तरी चालू द्या, आवाज बरोबर बदलला ना, बास. भाचीने परवा ‘फाळ’ केला आणि विचारलं हे काय असतं, तर आजोबांनी तिला कागदावर अख्खा नांगर काढून दाखवला.