चेंडू ‘पिच’ की ‘थ्रो’? जिम क्रायटनच्या अल्प कारकिर्दीची पार्श्वभूमी

बेसबॉलमधला पहिला पगारी पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू, म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या जिम क्रायटनची वरच्या दर्जाची कारकीर्द १८५९ ते १८६२ एवढीच आहे. ब्रुकलिनमधल्या एका संपन्न हौशी क्लबाने १८६० मध्ये त्याला प्रतिस्पर्धी क्लबाकडून आपल्याकडे आणले. खेळाडूंना पैसे देण्यास नियमाने बंदी असल्यामुळे व्यवहार गुपचूप झाला, असे मानले जाते. उघड व्यावसायिकतेला १८६९ उजाडावे लागले.

खरा वाद मात्र चेंडूचा होता. चेंडू ‘पिच’ करावा, झटका देऊन किंवा ‘थ्रो’ करून टाकू नये, असे नियम सांगत होता. पिच म्हणजे हात ताठ ठेवून, कमरेखालून झुलवत चेंडू सोडणे, आणि पिचरचे काम फलंदाजाला मारता येईल असा चेंडू पुरवणे, अशी तोवरची समजूत होती. क्रायटनने ४५ फुटांवरून वेगवान, वर चढत जाणारे चेंडू टाकले आणि मध्येच एखादा संथ सोडून फलंदाजाला चकवले. चेंडू सुटताना तो मनगटाला किंचित हिसका देतो, असा आक्षेप होता. पण तो हिसका इतका सूक्ष्म होता की पंचाला बोट ठेवता येत नसे, आणि काही समकालीन जाणकारांनी त्याची शैली नियमात बसते असाच निर्वाळा दिला. झटका म्हणजे हात कुशीला टेकवून चेंडूला दिलेली उसळी, असा रूढ अर्थ असताना मनगटाबद्दल त्याला दोषी धरणे अन्यायाचेच होते. त्याने नियम मोडला नाही. नियमाची सैल वीण दाखवली.

ऑक्टोबर १८६२ मधल्या एका सामन्यानंतर चार दिवसांनी, वयाच्या २१व्या वर्षी, पोटातल्या अंतर्गत इजेने तो गेला. जोरकस फटका मारताना काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि त्याला कमरेचा पट्टाच तुटला असे वाटले, ही कथा पुढे रूढ झाली. क्लबाकडून मात्र इजा क्रिकेट खेळताना झाल्याचे सांगण्यात आले. तो क्रिकेटही उत्तम खेळत असे. ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीतल्या त्याच्या स्मारकावर बॅटी कोरल्या आहेत.

मनमानी चेंडूंना आवर घालण्यासाठी १८६४ पासून पंच ‘बॉल’, म्हणजे अयोग्य चेंडू, असे पुकारू लागले. १८७२ मध्ये मनगटाचा तोच हिसका नियमाने मान्य झाला, १८८४ मध्ये एका प्रमुख लीगने खांद्यावरून चेंडू टाकण्याची मुभा दिली, आणि १८९३ मध्ये पिचरला ६० फूट ६ इंचांवर नेण्यात आले.