योजनेत बसतं का? आरोग्य विमा आणि सिव्हिलच्या कॅज्युअल्टीची गर्दी

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात राज्यातले आठच जिल्हे होते आणि सोलापूर त्यातला एक. बाकीच्या जिल्ह्यांना २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, तेही खासगी हॉस्पिटलात, बिनपैशाचे! अशा योजनेमागे एक अपेक्षा असतेच. लोक पैशाअभावी दुखणं अंगावर काढतात. पैशाची सोय झाली की वेळेवर डॉक्टरकडे जातील आणि मध्यरात्री स्ट्रेचरवरून सिव्हिलला यायची पाळी टळेल.

हीच अपेक्षा अमेरिकेतही होती. तिथे १९८६ च्या कायद्याने आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला, खिशात पैसे असोत वा नसोत, तपासून स्थिर करणं बंधनकारक केलं. (आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सरकारी-खासगी सगळ्याच डॉक्टरांवर अशी जबाबदारी टाकली.) विमा नसलेले लोक त्यामुळेच तिथे गर्दी करतात, विमा मिळाला की ओसरतील, असा हिशोब मांडला जाई. मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये जवळजवळ सर्वांना विम्याखाली आणलं. त्यानंतर काही अभ्यासकांना घट दिसली, काहींना फारसा फरक दिसला नाही.

ओरेगॉनने मात्र नकळत एक चोख प्रयोग घडवला. २००८ मध्ये तिथल्या गरिबांच्या सरकारी विम्यात थोड्याच जागा होत्या आणि नावं आली सुमारे ९० हजार, म्हणून सोडत काढली. सोडतीत नाव लागलेले आणि न लागलेले यांची थेट तुलना करता आली. २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आला: विमा मिळालेल्यांच्या आपत्कालीन विभागातल्या फेऱ्या दीड वर्षात सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. साध्या डॉक्टरकडे भागलं असतं अशा तक्रारींच्या फेऱ्याही वाढल्या. नवल काहीच नाही. बिल भरायची धास्ती गेली आणि हॉस्पिटलचा दरवाजा तर चोवीस तास उघडा होता.

तो ४० चा आकडा उचलून सोलापुरात लावता येणार नाही. अमेरिकेतला विमा आपत्कालीन विभागाच्या साध्या फेरीचंही बिल भरतो. आपली योजना पैसे देते ते ॲडमिट झाल्यावर, तेही यादीतल्या उपचारांना. त्यामुळे इथे बदल होतो तो रुग्ण कुठल्या दारातून आत जातो यात. छातीत कळ आली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘योजनेत बसतं का?’ बसत असेल तर गाडी सिव्हिलवरून पुढे, योजनेतल्या खासगी हॉस्पिटलकडे जाते. तिथे आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलापाशी रेशन कार्ड मागतात. ते असतं अक्कलकोट तालुक्यातल्या घरी, कपाटात. मग भावाला फोन, कपाटाची किल्ली कुणाकडे यावर दोन मिनिटं वादावादी, शेवटी व्हॉट्सॲपवर फोटो. तातडीच्या रुग्णाला फोनवरून तात्पुरती मंजुरी घ्यायची सोय नियमात आहे, ती अशाच वेळेसाठी.

तापाने फणफणलेलं पोर मात्र यात कुठेच बसत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई त्याला घेऊन रात्री निघते, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरचं शटर खाली आलेलं असतं. केसपेपर काढून सिव्हिल, दुसरं काय? ‘ॲडमिटच करून घ्या, म्हणजे बसेल’ हा सल्लाही याच रचनेतून येतो आणि तो देणाऱ्याला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही.

या गावाला वेगळ्या धाटणीचा विमा ठाऊक होता. १९४८ च्या कायद्याने आलेली, १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीपासून सुरू झालेली कामगार विमा योजना बाह्यरुग्ण दवाखान्यापासून आजारपणातल्या पगारापर्यंत सगळं बघते. माझ्या मते गर्दीच्या दृष्टीने तीच शहाणी. पण गिरण्या बंद पडल्या, काम छोट्या यंत्रमाग कारखान्यांत आणि घराघरात विखुरलं, आणि पुष्कळ कामगार तिच्या बाहेर राहिले. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी आणि दवाखाने आले. त्या निधीचा उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर संपला.

दरम्यान २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली, २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचं नाव मिळालं, २०२० मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर नेलं आणि पांढऱ्या कार्डासकट सर्व रेशन कार्डधारकांना आत घेतलं. उपचारांची यादी १३५६ वर गेली, पण ॲडमिट व्हायची अट तशीच राहिली.

गल्लीतल्या डॉक्टरचं शटर पडल्यावरची ही संध्याकाळची पोकळी भरायला निघाला तो सरकारी ‘आपला दवाखाना’, १ मे २०२३ पासून राज्यभर, दुपारी दोन ते रात्री दहा. त्याने कॅज्युअल्टीचा भार हलका झाला का, हे योजनेकडे आलेले बिलांचे दावे मोजून कळणार नाही, कारण तो ताप कुठल्याच दाव्यात येत नाही. सिव्हिलच्या केसपेपरांवरची वेळ आणि तक्रार मोजावी लागेल.