पार्श्वभूमी : काळात मागे जाणारे आईबाप आणि पंधरा वर्षांची मुदत

२००६ साली दक्षिण कोरियात चार महिन्यांत तीन प्रकरणांवर कायमचा पडदा पडला. जानेवारीत नऊ वर्षांच्या एका मुलाच्या अपहरणाचं आणि खुनाचं प्रकरण बंद झालं. मार्चमध्ये देगू शहराच्या कडेला असलेल्या डोंगरावर सॅलमँडरची अंडी शोधायला गेलेल्या पाच मुलांचं. एप्रिलमध्ये ह्वासोंग भागातल्या दहा स्त्रिया-मुलींच्या खुनांपैकी शेवटच्या खुनाचं. तिन्ही प्रकरणं १९९१ची, आणि एकातही गुन्हेगार सापडलेला नव्हता. खुनाचा खटला भरायला तिथे पंधरा वर्षांची मुदत होती, ती संपली एवढंच. दुसऱ्या दिवशी खुनी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन बसला असता, तरी त्याच्यावर खटला चालला नसता.

मुलाला वाचवायला आई किंवा बाप काळात मागे जातो, अशा थरारकथांचं कोरियन पीक गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडेही आवडीने पाहिलं जातंय. त्याचं मूळ बहुतेकजण विज्ञानकथेत शोधतात. काळयंत्राची इंग्रजी कादंबरी १८९५ची. हॅम रेडिओवरून मुलगा तीस वर्षांपूर्वी वारलेल्या बापाशी बोलतो तो ‘फ्रीक्वेन्सी’ हा अमेरिकी चित्रपट २०००चा. त्यांचं ऋण आहेच, पण कोरियन कथांमधलं घड्याळ भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही, ते फौजदारी संहितेतून आलंय. हे लक्षात घेतलं नाही, तर या मालिकांमधली माणसं मिनिटामिनिटाला मनगटाकडे का बघतात हे कळत नाही.

ही पंधरा वर्षांची तरतूद १९५४च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातली. पुरावा जुना होतो, साक्षीदार विसरतात, आरोपीलाही आयुष्यभर टांगणीवर ठेवू नये, अशी तिची कारणं. कागदावर त्यात चूक काढणं अवघड आहे. २००६च्या त्या तीन तारखांनंतर मात्र लोकांचा धीर सुटला. २००७च्या डिसेंबरात मुदत पंचवीस वर्षांवर गेली, तीही पुढच्या गुन्ह्यांपुरती. त्याच वर्षी नऊ वर्षांच्या त्या मुलाच्या अपहरणावर एक चित्रपट आला आणि त्याच्या शेवटी अपहरणकर्त्याचा फोनवरचा खराखुरा आवाज प्रेक्षकांना ऐकवला गेला. कोणी ओळखला तर ओळखावा, म्हणून.

२०१३चा ‘मोंताज’ याच वळणाचा. मुलीच्या अपहरणाला पंधरा वर्षं होत आलीत, मुदत संपायला काही दिवस उरलेत, आणि आई अजून एकटीच तपास करते आहे. यात काळप्रवास नाही, पण पुढे येणाऱ्या कथांचा सांगाडा इथे तयार झाला : आई, तारीख आणि उशीर. त्यात फक्त मागे जायची वाट जोडायची राहिली होती.

ती वाट टीव्हीवर आधीच रुळली होती. २०१२मध्ये राजे-राजपुत्र वर्तमानात येऊन प्रेमात पडण्याच्या मालिकांचा नुसता सुळसुळाट होता, त्यांची इथे दखल घ्यायची गरज नाही. २०१३ची ‘नाइन’ वेगळी निघाली. हिमालयात मरून पडलेल्या भावाजवळ नायकाला उदबत्ती सापडते. पेटवली की तो बरोबर वीस वर्षं मागे जातो आणि ती विझेपर्यंत, म्हणजे अर्धा तास, तिथे राहू शकतो. अशा नऊच काड्या. बापाला वाचवायला निघालेला हा माणूस भावाचं आयुष्य एका जागी सांधतो, तर ते दुसरीकडे उसवतं. इतकं, की त्याची प्रेयसी नव्या काळात नात्याने त्याची पुतणी होऊन बसते. दुसरी संधी फुकट मिळत नाही हे सूत्र या मालिकेने पक्कं केलं.

मग मार्च २०१४मध्ये ‘गॉड्स गिफ्ट : १४ डेज’ आली. मुलीचं अपहरण होतं, खून होतो. जिथे प्रेत सापडलं त्या तळ्यात आई जीव द्यायला उतरते आणि डोळे उघडते ती चौदा दिवस आधीच्या जगात. मुलगी जिवंत, घर जागच्या जागी, आणि कोण मारणार हे मात्र ठाऊक नाही. देहदंड असावा की नसावा हा वादही कथेत विणलेला आहे. कायद्यात शिक्षा आहे, पण १९९७च्या डिसेंबरनंतर तिथे कोणाला फाशी झालेली नाही. शेवटावरून बरीच वादावादी झाली. मुलगी वाचते, पण तिच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी मरावं लागतं, आणि तो मरतो त्याचं कारण पुरेसं पटत नाही. माझं मत विचाराल तर मालिकेचा पहिला अर्धा भाग अस्सल आहे, नंतर राजकीय कटाच्या भाराने ती वाकते.

मालिका संपायला आठवडाही उरला नव्हता तेव्हा, १६ एप्रिल २०१४ला, सेवोल ही प्रवासी बोट बुडाली. ३०४ माणसं गेली. त्यांतली २५० एकाच शाळेची, सहलीला निघालेली मुलं. ‘जागच्या जागी थांबा’ अशी सूचना बोटीवर वारंवार दिली जात होती आणि मुलांनी ती पाळली. त्यानंतर ‘काही तास मागे जाता आलं असतं तर’ हे वाक्य कोरियात फक्त पटकथेचं राहिलं नाही. पुढच्या प्रत्येक अशा कथेकडे प्रेक्षक सेवोल डोळ्यांसमोर ठेवूनच बघणार होते, लेखकाच्या मनात ती असो वा नसो.

आता संपलेली मुदत पुन्हा जिवंत न करण्याच्या त्या निर्णयाकडे यायला हवं, ज्याच्यावरून अजून दोन तट आहेत.

मे १९९९मध्ये देगूच्या एका गल्लीत शिकवणीला निघालेल्या सहा वर्षांच्या मुलावर कोणीतरी ॲसिड ओतलं. तो ४९ दिवस जगला. त्या दिवसांत त्याने जे सांगितलं ते आईने अंथरुणापाशी बसून ध्वनिमुद्रित करून ठेवलं. संशय ओळखीच्या माणसावर होता, पण पुरावा अपुरा ठरला. मुदत जुलै २०१४च्या पहिल्या आठवड्यात संपणार होती. तीन दिवस उरलेले असताना आईवडिलांनी फिर्याद दिली. सरकारी वकिलांनी ती निकाली काढल्यावर त्यांनी थेट न्यायालयात दाद मागितली. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत घड्याळ थांबतं अशी तिथल्या कायद्यात सोय आहे. म्हणजे आईबापांनी काळ खरोखरच वर्षभर थोपवून धरला, अर्जाच्या कागदावर.

१० जुलै २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा अर्ज फेटाळला. घड्याळ सुरू झालं आणि लगेच संपलं. २४ जुलैला संसदेने खुनाची मुदतच रद्द केली. मध्ये गेले चौदा दिवस. आदल्या वर्षीच्या मालिकेच्या नावातही नेमका हाच आकडा होता, हा योगायोगच. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा ३१ जुलैला लागू झाला आणि त्याचा फायदा १ ऑगस्ट २०००नंतरच्या खुनांना मिळाला. ज्याच्या नावाचा कायदा, त्याचंच प्रकरण बाहेर राहिलं.

संपलेली मुदत पुन्हा जिवंत का केली नाही? उत्तर सरळ दिलं जातं : चालू घड्याळ लांबवणं वेगळं आणि बंद पडलेलं मागे फिरवणं वेगळं. दुसरी गोष्ट राज्यघटनेला मान्य नाही, आणि एकदा ते दार उघडलं की सत्ताधारी कोणाविरुद्ध ते वापरतील सांगता येत नाही. हा युक्तिवाद भक्कम आहे. पण ते दार त्याआधी एकदा किलकिलं झालेलं होतं. १९७९चं लष्करी बंड आणि १९८०ची ग्वांगजू शहरातल्या आंदोलक नागरिकांची कत्तल यांसाठी १९९५च्या अखेरीस खास कायदा करून सांगण्यात आलं, की बंडानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले दोघे सेनापती खुर्चीवर असतानाचा काळ मुदतीत धरायचाच नाही. प्रकरण घटना न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९६मध्ये नऊपैकी पाच न्यायाधीशांचं म्हणणं पडलं, की मुदत आधीच संपली असेल तर हा कायदा घटनाबाह्य आहे. चौघांना तो चालत होता. पण कायदा रद्द करायला सहा मतं लागतात. पाच पडली, कायदा टिकला, आणि दोन माजी राष्ट्राध्यक्षांना शिक्षा झाली. बंडखोर सेनापतींसाठी काळ मागे नेता येतो आणि गल्लीतल्या पोरासाठी नाही, ही बोच त्यामुळेच आहे. कायद्याचे अभ्यासक म्हणतात की दोन्हींची तुलना होत नाही, तिथे सत्तेनेच तपास अडवून धरला होता. बरोबर आहे. तरी बोच जात नाही.

शेजारच्या जपानने पाच वर्षं आधी काय केलं तेही बघावं. २७ एप्रिल २०१०ला तिथल्या संसदेने खुनाची मुदत रद्द केली आणि कायदा त्याच दिवशी जारी करून त्याच दिवशी अंमलात आणला. कारण कुराशिकी इथल्या १९९५च्या एका दुहेरी खुनाची मुदत त्या मध्यरात्री संपत होती. सरकारला घाई करायची असली की करता येते.

जानेवारी २०१६मध्ये ‘सिग्नल’ सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर, कायद्याची शाई वाळते न वाळते तोच. रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी एक जुना वॉकीटॉकी खरखरतो आणि आजचा पोलीस पंधरा वर्षांपूर्वीच्या पोलिसाशी बोलू लागतो. ‘फ्रीक्वेन्सी’शी तुलना झालीच. पण पहिलंच प्रकरण मुलीच्या अपहरणाचं, आणि त्यातला सगळा ताण चौकशीच्या खोलीत मुदत संपत येण्याचा. हे अमेरिकी नमुन्यात कुठून येणार? पुढच्या भागांत ह्वासोंगची छाया उघड दिसते. २०१७च्या ‘टनेल’मध्ये १९८६चा हवालदार छापाचा तपास अधिकारी बोगद्यातून धावत २०१६मध्ये निघतो. बायको कधीच वारलेली, आणि जिचा जन्मही त्याला ठाऊक नव्हता ती मुलगी गुन्हेगारांच्या मनाची अभ्यासक म्हणून समोर बसलेली, बापावर जराही विश्वास न ठेवणारी.

त्याच वर्षीचा ‘अ डे’ हा चित्रपट मला या सगळ्यांत सरस वाटतो. नामांकित शल्यचिकित्सकाचा विमानात डोळा उघडतो, तो उतरतो, मुलीला भेटायला निघतो, आणि तिचा अपघाती मृत्यू डोळ्यांसमोर होतो. पुन्हा विमान, पुन्हा डोळा उघडणं. काही फेऱ्यांनंतर कळतं, की या चक्रात अजून दोघे अडकलेत आणि त्यांतला एक स्वतः अपघात घडवतोय. तोही बापच. डॉक्टरच्या मुलीच्या छातीत जे हृदय धडधडतंय ते त्याच्या मुलाचं आहे, आणि ते कसं मिळवलं गेलं हे डॉक्टरने वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं. एका बापाची दुसरी संधी म्हणजे दुसऱ्याची हिरावलेली पहिली.  २०२०च्या ‘अ‍ॅलिस’ने आई-मुलाचं नातं घेतलं खरं, पण आईच्याच चेहऱ्याच्या तरुणीभोवती मुलाला घुटमळवून प्रेक्षकांना अवघडून टाकलं.

आपल्याकडे ही लाट तुकड्यातुकड्यांनी आली. ‘मोंताज’वरून २०१६मध्ये हिंदीत ‘तीन’ निघाला. कथा कोलकात्याला गेली, आईच्या जागी आजोबा आले, आणि मुदत गळून पडली. पडणारच होती, कारण तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला भारतात मुदतीचं बंधनच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४६८ कलम असो वा १ जुलै २०२४पासूनच्या नव्या संहितेचं ५१४, खुनाचा खटला तीस वर्षांनीही चालवता येतो. ‘सिग्नल’ची हिंदी आवृत्ती ‘ग्यारह ग्यारह’ ऑगस्ट २०२४मध्ये आली, उत्तराखंडात रचलेली. वॉकीटॉकी आला, डोंगर आले, वेळही बदलली. पण आपल्याकडे न्याय मुदतीने मरत नाही, तारखांनी लोंबकळतो. मूळ कथेतली धडधड त्यामुळे उसनी वाटते.

पुण्यात घडणारा ‘दोबारा’ (२०२२) कोरियन नाही, स्पॅनिश चित्रपटावरून घेतलेला आहे. परक्या मुलाला वाचवणारी आई सकाळी उठते तर तिची स्वतःची मुलगी जन्मलेलीच नाही. एरवी भारतीय चित्रपटांत मागे जातं ते मूल : आईबापांचा संसार सांधायला, नाहीतर आईला वाचवायला. आईबाप मागे जाताना क्वचितच दिसतात. मराठी वाचकाला इतिहास बदलण्याची सवय आहे ती पानिपतापुरती. विश्वासरावांना गोळी चाटून गेली असती तर काय, हे आपल्या खगोलशास्त्रज्ञ लेखकाने कथेत केव्हाच घडवून दाखवलंय. घरातल्या पोराचा प्रश्न त्या बखरीत मावत नव्हता.

सप्टेंबर २०१९मध्ये ह्वासोंगचा खुनी सापडला. जुन्या वस्तूंवरचा डीएनए एका जन्मठेपेच्या कैद्याशी जुळला. मेव्हणीच्या खुनासाठी तो १९९४पासून आतच होता. त्याने १४ खून कबूल केले. मुदत सगळ्यांचीच संपलेली. त्यांतल्या एका खुनासाठी दुसराच माणूस वीस वर्षं तुरुंगात सडला होता. डिसेंबर २०२०मध्ये त्याला निर्दोष ठरवण्यात आलं.

कबुलीत १९८९मध्ये बेपत्ता झालेली दुसरीतली एक मुलगीही होती. तिचे अवशेष आणि वस्तू तेव्हाच्या तपास अधिकाऱ्यांना सापडल्या होत्या आणि त्यांनी ते लपवलं, असं २०२०च्या फेरतपासाचं म्हणणं. आईबाप तीस वर्षं तिची वाट बघत राहिले. त्यांनी सरकारवर दावा लावला. नोव्हेंबर २०२२मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला तेव्हा दोघेही हयात नव्हते, आणि भरपाई मुलीच्या भावाला मिळाली. ज्यांनी पुरावा दडवला, त्यांच्यावर खटला भरता आला नाही. त्या गुन्ह्याचीही मुदत संपून गेली होती.