विभेदन वेगळं, अचूकता वेगळी

‘या प्रथिनाची रचना ४ अँगस्ट्रॉमची आहे’ असं वाचलं की पुष्कळ जण समजतात, त्यातल्या प्रत्येक अणूची जागा ४ अँगस्ट्रॉमने चुकलेली असू शकते. (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) तसं नाही. ४ अँगस्ट्रॉम हे विभेदन झालं. अचूकता ही निराळी गोष्ट.

रात्री दुरून येणाऱ्या एसटीचे दोन दिवे आधी एकच भासतात. ते वेगळे दिसू लागतात ती मर्यादा म्हणजे विभेदन. पण येतेय ती एसटीच, हे ठाऊक असेल तर त्या एका उजेडाच्या मध्यावरून दोन्ही दिव्यांच्या जागा बऱ्याच नेमक्या सांगता येतात. ही अचूकता.

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते विखुरून ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून रचना काढतात. जितक्या मोठ्या कोनातले ठिपके, तितका बारीक तपशील. म्हणून विभेदन स्फटिकावर अवलंबून असतं. रायबोसोमसारखे (पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रणा) अवाढव्य रेणू पुष्कळदा स्फटिकात काटेकोर रांगेत बसत नाहीत, मग क्ष-किरणांचे मोठ्या कोनातले ठिपके उमटतच नाहीत. २ अँगस्ट्रॉमऐवजी ४ वर थांबावं लागलं, तर ठिपके साधारण आठव्या हिश्शावर येतात. कार्बन-कार्बन बंध जेमतेम १.५४ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे अणू सुटे दिसणं विसराच. १९५८ साली संशोधक केंड्रू यांना ६ अँगस्ट्रॉमवर मायोग्लोबिन या स्नायूतल्या प्रथिनाच्या सर्पिलांचे (साखळीच्या गुंडाळ्यांचे) नुसते दांडे दिसले होते.

अचूकता मात्र आधीच्या ज्ञानातूनही येते. बंधांची लांबी, त्यांच्यातले कोन माहीत असतात. प्रथिनाची साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही, हे १९६३ मध्ये मद्रासहून रामचंद्रन यांनी दाखवून दिलं. उरतात ते बंधांभोवतीचे पीळ, म्हणजे प्रत्येक बंधाभोवती साखळी किती फिरली आहे ते. २०१० साली श्रोडर, लेव्हिट आणि ब्रुंगर या संशोधकांनी नेमकं यावर बोट ठेवलं: ५ अँगस्ट्रॉमपर्यंतचे ठिपकेसुद्धा या पिळांपेक्षा सहसा संख्येने जास्तच असतात. मग त्यांनी ओळखीच्या, मिळत्याजुळत्या रचनेतल्या अणूंच्या जोड्या स्प्रिंगांच्या जाळ्यात बांधल्या आणि ठिपके मागतील तिथे ते जाळंच बदलू दिलं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

धोका उसन्या ज्ञानाचाच आहे: त्याचा जोर जास्त झाला, तर जुनीच रचना परत हाती येते. म्हणून काही ठिपके आधीच बाजूला काढून ठेवतात आणि तयार रचना त्यांच्याशी ताडून पाहतात. ब्रुंगर यांची ही कसोटी, ‘आर-फ्री’, १९९२ची. तीही सरासरीच सांगते, मुख्य साखळीला फुटलेली एखादी वाकडी बाजूसाखळी तिच्यातून निसटते. ४ अँगस्ट्रॉमच्या रचनेत साखळीची वळणं भरवशाने वाचावीत. औषधाच्या रेणूशेजारी पाण्याचा एकटा रेणू दाखवला असेल, तर तो या ठिपक्यांत दिसलेला नसतो.