चौक (वारली भित्तिचित्र)

चौक म्हणजे वारली आदिवासींच्या घरात लग्नाच्या वेळी आतल्या भिंतीवर काढलं जाणारं चौकोनी चित्र. देवचौक आणि लग्नचौक असे दोन प्रकार सांगतात, पण बोलताना दोन्हीला नुसतं 'चौक' म्हटलं की भागतं. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हा याचा मुख्य पट्टा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा हे तालुके तिकडे गेले, पण जुनं सगळं लिखाण 'ठाणे जिल्हा' या नावाखालीच आहे, त्यामुळे शोधताना ठाणेच टाकावं. ठाणे शहरातही येऊरच्या पाड्यांवर वारली वस्ती आहे.

नावाबद्दल दोन मतं आहेत. 'वरल' म्हणजे लागवडीचा जमिनीचा छोटा तुकडा, त्यावरून वारली, हे एक. आणि सप्तकोकणातल्या (कोकणाचे जुने सात भाग) 'वरलाट' भागातले ते वारली, हे दुसरं. पहिलं जास्त पटतं, कारण चौकाचा चौकोन म्हणजे पवित्र आवार किंवा जमिनीचा तुकडा असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. वर्तुळ सूर्यचंद्रावरून आलं, त्रिकोण डोंगर आणि झाडाच्या शेंड्यावरून, चौकोन मात्र निसर्गात सहसा दिसत नाही, तो माणसाने आखलेला.

किती जुनी परंपरा, यावर खरा वाद आहे. वारली चित्रांच्या अभ्यासक यशोधरा डालमिया यांनी ती इ.स.पू. २५०० ते ३००० पर्यंत मागे नेली, मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहाचित्रांशी साम्यही दाखवलं जातं, तर दुसरीकडे इसवी सनाचं दहावं शतक हा आकडा माहितीपत्रकांतून फिरत असतो. साम्य आहे हे खरंच, काडीसारखी माणसं, शिकार, गोल धरून नाच, पण साम्य म्हणजे सलग परंपरा नव्हे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढायची युक्ती कुणालाही स्वतंत्रपणे सुचू शकते. मुख्य अडचण सामानाची आहे. कारवीच्या काड्यांचा कूड (भिंत), त्यावर माती-शेणाचं सारवण, वरून गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं. अशी भिंत दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा लिंपावीच लागते, मग हजार वर्षांपूर्वीचा चौक पुराव्याला आणणार कुठून? तेव्हा 'जुनी, पण नक्की किती ते भिंतीवरून सिद्ध होत नाही' एवढंच म्हणणं बरं.

चौक काढतात सवाशिणी. पीठ पाण्यात कालवायचं, थोडा डिंक घालायचा, बांबूची काडी चावून टोक ब्रशसारखं मऊ करायचं आणि आधी कडेच्या नक्षीच्या पट्ट्या काढायच्या. मधे पालघट देवी (पालघर गावाशी गल्लत नको, तो देवीचा भरून उतू जाणारा घट आहे), आणि शेजारच्या लहान चौकात घोड्यासोबत पंचशिऱ्या, म्हणजे पाच डोक्यांचा देव. धवलेरी, म्हणजे लग्नाची पुरोहित बाई, गाणी म्हणून लग्न लावते. चौकाशिवाय लग्न होत नाही.

जमिनीची दुसरी बाजू चौकात दिसत नाही. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि ते फेडायला त्याच्याकडेच राबायचं, अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. म्हणजे भिंतीवर सुफलतेची देवी आणि त्याच लग्नापायी माणूस गहाण! १९४५ पासून कम्युनिस्ट कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला त्यात वेठ (बिनमोल सक्तीची मजुरी) आणि लग्नगडी हेच मुद्दे पुढे होते.

कागदावर हे चित्र आलं १९७० च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन पाड्यांवर गेले, आणि त्यातून गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) पुढे आले. आई लहानपणीच गेली, तेव्हा ते बोलायचे बंद झाले आणि धुळीत चित्रं काढून सांगायचे. चित्र काढणं बायकांचं काम असताना हा पुरुष लग्न नसतानाही रोज काढायचा, आणि त्याच्या कागदावर चौकाची चौकटच गळून पडली, उरलं ते मुंग्यांचं वारूळ, मासे पकडायचं जाळं, भातशेती, माणसांच्या रांगा. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री.

ठाणे-नवी मुंबईत आता फ्लायओव्हरखाली, सोसायटीच्या कंपाउंडवर, लग्नपत्रिकेवर वारली दिसते, बहुतेक वेळा ऑइलपेंटमध्ये. तिथे सगळ्यात जास्त काढला जातो तो तारपा नाच (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं लांब वाद्य), आणि नेमका तोच चुकतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून तारपावाल्याभोवती वळत जातात, तारप्याकडे पाठ करत नाहीत, आणि रांगेचं टोक मोकळं राहतं, गोगलगाईच्या शंखासारखं. रंगवणारे मात्र सरळ बंद गोल काढून मोकळे होतात.