अक्वापोरिन

पेशीपटलात बसलेले व पाण्याच्या रेणूंना पेशीच्या आतबाहेर जाऊ देणारे प्रथिन. जीवाणू, वनस्पती व प्राणी या सर्वांत ते आढळते. माणसात त्याचे १३ प्रकार माहीत असून त्यांपैकी काही ग्लिसरॉललाही वाट देतात.

पेशीपटल मुख्यतः मेदाचे असल्याने त्यातून पाणी जेमतेम झिरपते. तेवढ्यावर पेशीचे भागत असावे, असा समज बराच काळ होता. तांबड्या रक्तपेशींचा हिशेब मात्र त्यात बसेना. त्यांतून पाणी फार झपाट्याने जाई आणि पाऱ्याची संयुगे घातली की हा वेग एकदम घटे. नुसत्या मेदावर पारा असा परिणाम करत नाही. तेव्हा वाट प्रथिनाची असणार, हे उघड होते.

ते प्रथिन हाती लागले ते दुसरेच काही शोधताना. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर ॲग्रे आर-एच रक्तगटाच्या प्रथिनावर काम करत होते. त्यांच्या नमुन्यांत एक अनोळखी प्रथिन येत राहिले. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने त्याचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा संदेश, आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींत टोचला आणि त्या अंडपेशी सौम्य द्रावणात सोडल्या. न टोचलेल्या अंडपेशी जवळपास जशाच्या तशा राहिल्या. टोचलेल्या फुगत गेल्या आणि काही मिनिटांत फुटल्या. जीवशास्त्रात इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो. ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉडरिक मॅकिनन यांच्यासह मिळाले.

या वाहिनीचा सर्वांत अरुंद भाग सुमारे ०.२८ नॅनोमीटर, म्हणजे पाण्याच्या एका रेणूएवढाच रुंद आहे. रेणूंना एकमेकांना ओलांडता येत नाही. ते एकामागे एक सरकतात. तरी एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू पार होतात. वाट चिंचोळी म्हणून प्रवाह मंद, हा आपला नळांवरून बांधलेला अंदाज इथे लागू पडत नाही.

खरी करामत वेगाची नाही, अडवण्याची आहे. हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या पाण्याच्या साखळीतून प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारत जातो. रेणूंना जागा सोडावी लागत नाही. तसे इथे झाले असते, तर पेशी पटलाच्या दोन बाजूंच्या ज्या प्रोटॉन-फरकावर ऊर्जा तयार करते तोच ढासळला असता. वाहिनीच्या मध्यावर ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाचे दोन घटक येणाऱ्या रेणूच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने धरतात. रेणू तिथे वळतो आणि साखळीची दिशा उलटते. प्रोटॉन अडतो तो यामुळेच, असे आधी मानले गेले. पुढच्या गणनांनी मात्र वाहिनीतील धन विद्युत क्षेत्राच्या प्रतिकर्षणाला अधिक महत्त्व दिले.

माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी साधारण दीड लिटरच होते. गाळलेल्या द्रवातील बराचसा भाग एक्यूपी-१ (अक्वापोरिन-१) परत शोषू देते. शेवटचा हिशेब एक्यूपी-२ कडे असतो. शरीरात पाणी कमी पडले की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडातील संग्राहक नलिकांच्या पेशींत पुटिकांमध्ये (सूक्ष्म पिशव्यांत) साठलेले एक्यूपी-२ पृष्ठभागावर येऊन बसते. त्याच्या जनुकात बिघाड असेल, तर लघवी अतिशय पातळ व भरपूर होते आणि तहान भागत नाही. दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्या रुग्णांतही हे प्रथिन घटते व तशीच लक्षणे दिसू शकतात.