दफ्तर दिरंगाई

दफ्तर दिरंगाई : शासकीय कार्यालयात आलेल्या अर्जावर किंवा प्रकरणावर वाजवी मुदतीत कार्यवाही न होणे, तसेच अशा विलंबाबद्दल कर्मचाऱ्याला जबाबदार धरण्यासाठी महाराष्ट्रात उभी राहिलेली कायदेशीर व्यवस्था. दोन्ही शब्दांचे मूळ फार्सीत आहे. ‘दफ्तर’ म्हणजे कागदपत्रांचा संग्रह आणि ‘दिरंग’ म्हणजे उशीर. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असत; शाळकरी पोराच्या पाठीवरच्या पिशवीलाही मराठी माणूस दफ्तरच म्हणतो. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण मात्र त्या पिशवीबद्दल नाही.

या विषयावरील मुख्य कायद्याचे पूर्ण नाव ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, 2005’ असे आहे. नावात 2005 असले, तरी तो 2006 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 21 असून 1 जुलै 2006 पासून अंमलात आला. माहितीच्या अधिकाराबरोबरच बदल्यांवर आणि दिरंगाईवर कायदा व्हावा, ही अण्णा हजारे यांच्या त्या काळातील आंदोलनांची मागणी होती. एवढे लांबलचक नाव कोणी उच्चारत नाही. खिडकीबाहेर उभा असलेला नागरिक त्याला ‘दफ्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणतो आणि खिडकीआत बसलेला कर्मचारी ‘बदल्यांचा कायदा’. कायदा एकच, पण गेल्या दोन दशकांत त्याचे दोन भाग कसे वेगवेगळ्या तऱ्हेने चालले, हे या दोन नावांवरूनच कळते.

हे दोन विषय एकाच कायद्यात घालण्यामागे तर्क होता. मर्जीनुसार कधीही बदलला जाणारा कर्मचारी निर्भयपणे टिपणी लिहू शकत नाही. आणि वर्षानुवर्षे एकाच टेबलाला चिकटलेला कर्मचारी त्या टेबलाचा मालक होऊन बसतो. म्हणून अखिल भारतीय सेवांतील अधिकारी आणि राज्य सेवेतील गट अ, ब व क यांच्यासाठी एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाल 3 वर्षे ठरवण्यात आला. मंत्रालयाबाहेरील गट क कर्मचाऱ्याला एका कार्यालयात असे दोन कार्यकाल, म्हणजे 6 वर्षे, मिळू शकतात. गट ड कर्मचाऱ्याला विनंती, आपसांतील बदली किंवा गंभीर स्वरूपाची सिद्ध झालेली तक्रार यांवाचून सहसा हलवता येत नाही. सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या असतात.

मुदतपूर्व किंवा अवेळी बदली करायची झाल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. वादाची जागा नेमकी इथे आहे. आदेशात ‘प्रशासकीय कारणास्तव’ किंवा ‘जनहितार्थ’ एवढेच दोन शब्द लिहिलेले असतात, आणि बदली झालेला कर्मचारी तो आदेश घेऊन महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये, जातो. हे न्यायाधिकरण 1991 मध्ये स्थापन झाले असून ते मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे चालते. कारण खरोखर विशेष आहे की कोणाच्या सोयीचे, मान्यता आदेशाच्या आधी घेतली की नंतर, हे तेथे मूळ नस्ती (फाईल) मागवून तपासले जाते. त्यामुळे कायद्याचा हा अर्धा भाग निवाड्यांतून घासून-पुसून पक्का झाला. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2013 रोजी बदल्या-नेमणुकांची शिफारस करणारी नागरी सेवा मंडळे नेमण्याचा, किमान कार्यकाल निश्चित करण्याचा आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद ठेवण्याचा निर्देश दिला. महाराष्ट्रात अशी मंडळे 2014 मध्ये अस्तित्वात आली. ‘साहेबांनी फोनवर सांगितले’ या वाक्याला कागदावर आणण्याचा तो प्रयत्न होता. फोन अर्थातच थांबले नाहीत.

दिरंगाईसंबंधीची तरतूद कलम 10 मध्ये आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे कोणतीही नस्ती सामान्यतः 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ प्रलंबित राहता कामा नये. ‘तात्काळ’ नस्ती शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तर ‘तातडीची’ नस्ती शक्यतो 4 दिवसांत निकाली काढायची असते. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणात 45 दिवसांत, आणि तशी गरज असलेल्या प्रकरणात 3 महिन्यांत निर्णय व्हावा, अशी अपेक्षा आहे. न्यायप्रविष्ट आणि अर्धन्यायिक प्रकरणे, लोकआयुक्तांकडे गेलेली प्रकरणे, विधिविधानाची कामे आणि मोठे धोरणात्मक निर्णय यांना या मुदती लागू नाहीत.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा बसतो, हे तहसील कार्यालयातील एका साध्या अर्जावरून पाहता येईल. अर्ज आवक शाखेत शिक्का खातो आणि संबंधित लिपिकाच्या कार्यविवरण पंजीत, म्हणजे आलेल्या कामांच्या नोंदवहीत, चढतो. लिपिक टिपणी लिहितो. ती अव्वल कारकून, नायब तहसीलदार आणि तहसीलदार अशी वर जाते. चौघांनी प्रत्येकी 7 दिवस घेतले, तर कोणीही कायदा न मोडता 28 कामाचे दिवस जातात, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याने साडेपाच आठवड्यांहून अधिक. वरून ‘चर्चा करा’ असा शेरा पडून नस्ती एकदा खाली आली, की 45 दिवसांची मुदत उलटायला वेळ लागत नाही, आणि ती नेमकी कोणाच्या टेबलावर उलटली हे सांगता येत नाही. कायदा टेबल मोजतो, नागरिक प्रवास मोजतो. त्यात ‘त्रुटी’ काढण्याची युक्ती आहे. सहाव्या दिवशी अर्जदाराला एक दाखला कमी असल्याचे पत्र गेले, की नस्ती ‘प्रतीक्षाधीन’ होते आणि प्रलंबित प्रकरणांच्या गोषवाऱ्यातून तिचा आकडा गळतो. अर्ज घेतानाच सगळ्या त्रुटी एकदम सांगणारा कारकून दुर्मीळ नाही, पण त्याची नोंद कोणत्याही पंजीत होत नाही.

हेतुपुरस्सर विलंब किंवा कर्तव्यात हयगय झाल्यास महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 खाली शिस्तभंगाची कारवाई होते. ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे येथपासून बडतर्फीपर्यंत शिक्षा या नियमांत आहेत. परंतु हेतू सिद्ध करणे कठीण असते, आणि जबर शिक्षा द्यायची तर विभागीय चौकशी करावी लागते, जी स्वतःच दिरंगाईसाठी प्रसिद्ध आहे. मुख्य उणीव निराळी आहे. बदली झालेल्या कर्मचाऱ्याला मॅट आहे. नस्ती अडकलेल्या अर्जदाराला कलम 10 खाली दाद मागण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण नाही. त्याने तक्रार करायची ती त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे. कायद्याचा एक भाग निवाड्यांनी धारदार झाला आणि दुसरा भिंतीवरच्या नागरिकांच्या सनदेपुरता (सेवा व मुदती सांगणाऱ्या फलकापुरता) उरला, याचे कारण हेच असावे.

ही उणीव काही अंशी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने भरून काढली. 28 एप्रिल 2015 पासून लागू झालेल्या या कायद्यात अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी आणि मुदत ठरलेली असते. सेवा न मिळाल्यास त्याच विभागात दोन अपिले आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती होऊ शकते. मात्र अधिसूचनेत नसलेले काम अजूनही कलम 10 वरच अवलंबून आहे.

कायद्याआधीही कार्यालयीन शिस्तीतून दिरंगाई रोखण्याचे प्रयत्न झाले. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी अभिलेख आणि कार्यालयीन कामकाजाची पुनर्रचना केली. ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते. राज्यातील कार्यालयांत रूढ असलेली सहा गठ्ठा पद्धतही याच विचाराची आहे. तिच्यात टेबलावरचे कागद चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद अशा सहा गठ्ठ्यांत वेगळे ठेवले जातात. पद्धत इतकी साधी आहे की ती कुठे पाळली जाते हे कपाट उघडताच कळते.

विलंबाचा सगळा दोष कर्मचाऱ्याच्या माथी मारणेही योग्य नाही. रिक्त पदांमुळे एका लिपिकाकडे दोन-तीन टेबलांचा आणि एका तलाठ्याकडे शेजारच्या सजाचा (तलाठ्याच्या हद्दीतील गावांचा) अतिरिक्त कार्यभार असतो. निवडणूक किंवा पंचनामे लागले की नेहमीचे काम बाजूला पडते. फेब्रुवारी 2020 अखेरीस पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा कार्यालयाची वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी वाढवण्यात आली. अतिरिक्त कार्यभार असलेल्या टेबलासाठी मात्र कलम 10 मधील 7 दिवसांचे 14 होत नाहीत. ई-ऑफिस प्रणालीत नस्ती कोणाकडे किती दिवस होती हे पडद्यावर दिसते. त्या टेबलावर माणूस एकच आहे आणि खुर्च्या तीन, हे त्या तारखांवरून समजत नाही.